कुंपणापलीकडचे काम

राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला, की पुणे जिल्ह्यातील कित्येक शाळांतून एका सहलीची आखणी सुरू होते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण २८ फेब्रुवारीच्या सुमारास सर्वांना पाहण्यासाठी खुली केली जाते आणि आसपासच्या शाळा आपापले प्रयोग घेऊन तेथील प्रदर्शनात उतरतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; त्यांतील १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ तीन लांब भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत, शेतमळ्यांच्या शेजारी उभ्या आहेत. मुले माना वर करून पाहतात आणि विचारतात : हिच्यातून किती लांबचे कळते? तिकडे कोणी राहते का? हे प्रश्न रास्तच आहेत. विज्ञानाचा आरंभ अशा कुतूहलातूनच होतो. परंतु आणखी एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. एवढी अवजड तबकडी फिरवतो कोण, ती दुरुस्त करतो कोण आणि त्यासाठी त्याला काय शिकावे लागले?

ह्या प्रश्नाचे उत्तर ताऱ्यांइतके दूर नाही. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांनी ही दुर्बीण उभारताना पत्र्याच्या भरीव तबकड्यांचा मार्ग टाळला. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारेची जाळी दोरखंडांच्या ताणावर बसवली, म्हणजे तबकडी हलकी होते, वारा जाळीतून निघून जातो आणि खर्चही आटोक्यात राहतो, ही त्यांची युक्ती. कल्पना शास्त्रज्ञांची खरी, पण ती जाळी जोडणारे, ताण मोजणारे, मोटारी आणि दंतचक्रे राखणारे, तबकडीने टिपलेला संदेश प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीपर्यंत नेणाऱ्या वाहिन्या सांभाळणारे हात नसते, तर ती कल्पना कागदावरच राहिली असती. असे काम करणारा माणूस बहुधा पदविका घेतलेला किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, बोलीभाषेत ‘आयटीआय’मध्ये, शिकलेला असतो. तो त्याच तालुक्यातला असू शकतो. सहलीला आलेल्या मुलाला मात्र शास्त्रज्ञ दिसतो आणि दुसऱ्या टोकाला मजूर दिसतो. मधल्या सगळ्या पायऱ्या त्याच्या दृष्टीआड राहतात.

खोडदचे उदाहरण घेतले ते केवळ ठळक आहे म्हणून. हीच गोष्ट चाकणच्या आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींची आहे. कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्याच्या बापाचे शेत आहे, किंवा एके काळी होते, त्या मुलाने कारखान्याचे फाटक रोज पाहिलेले असते. फाटकाच्या आत काय चालते, हे त्याने एकदाही पाहिलेले नसते. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री ह्या शब्दांमागे कोणते कौशल्य, कोणते गणित आणि कोणती प्रतिष्ठा आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग दहावीचा निकाल लागतो आणि टक्क्यांची चाळण काम करू लागते. वरचे विज्ञान शाखेला, मधले वाणिज्यला, त्याखालचे कला शाखेला आणि ‘कुठेच जमले नाही’ तो आयटीआयला. चार-सहा वर्षांनी तोच मुलगा कंत्राटदाराच्या मार्फत त्याच फाटकातून आत जातो, तो कौशल्य नसलेला मजूर म्हणून. कारखान्याला कुशल माणूस मिळत नाही आणि गावच्या मुलाला काम मिळत नाही, ही दोन गाऱ्हाणी आपण एकाच दिवशी, एकाच तालुक्यात ऐकतो. दोन्ही खरी असतात.

शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाजाचा हवाला देऊन सांगितले, की १९ ते २४ वर्षे वयाच्या भारतीय श्रमिकांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होते. अमेरिकेत ते ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे त्याच धोरणात नमूद आहे. २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी, सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा भरावी आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ बसून काम पाहावे, शिकावे, असेही ते म्हणते. विचार उत्तम आहे. पण आपल्या राज्यातील जुन्या शिक्षकांना तो ऐकताना थोडे हसू आले असेल, कारण हा विचार आपण पूर्वीही ऐकला आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य भाग ठरवला. त्या कार्यानुभवाचे शाळांतून काय झाले, हे ह्या स्तंभाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. खडू, मेणबत्त्या, कागदी फुले, पाकिटे; आणि वर्षअखेरीस एका बैठकीत भरलेले गुण. ज्या तासाला कोणी परीक्षक येत नाही आणि ज्याच्या टक्क्यांवर प्रवेश ठरत नाही, तो तास गणिताच्या मास्तरांना ‘उसना’ दिला जातो. दोष एकट्या शिक्षकांचा नाही. त्यांना साहित्य नव्हते, कार्यशाळा नव्हती आणि जे काम त्यांनी स्वतः कधी केले नव्हते, ते शिकवण्याची सक्ती मात्र होती. दप्तराविना दहा दिवसांचीही गत तीच होणार नाही, ह्याची हमी कोणते परिपत्रक देऊ शकेल?

हमी परिपत्रक देत नाही, पण अनुभव देऊ शकतो, आणि तो आपल्या हाताशी आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ ह्या अवर्षणप्रवण गावी डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये जाऊन राहिले. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेला, मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात वरच्या जागेवर काम केलेला हा माणूस. त्यांनी विज्ञान आश्रम काढला आणि शाळेने नापास ठरवलेल्या मुलांना हाताशी धरले. पुढे ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा त्यांचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांतून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी सुरू झाला आणि राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याला मान्यताही दिली. योजना साधी होती. आठवड्यातून एक दिवस मुलांनी प्रत्यक्ष काम करायचे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य ही चार क्षेत्रे. शिकवणारे बहुतेक त्याच परिसरातले कारागीर व जाणकार. आणि काम म्हणजे नमुन्याचे काम नव्हे, गावाला हवे असलेले काम. कोणाच्या घरी विजेची जोडणी, कोणाच्या शेतातील मातीची तपासणी, कोणासाठी लोखंडी फाटकाचे वेल्डिंग.

ह्या शेवटच्या अटीत सारे मर्म आहे. मेणबत्ती वाकडी झाली तरी गुण मिळतात, फाटक वाकडे झाले तर ते बसत नाही. काटकोन म्हणजे काय, हे मुलाला भूमितीच्या पुस्तकाने सांगितलेले असते, पण ते पटते त्या फाटकापाशी. मालाचा हिशेब मांडताना टक्केवारी कळते, मातीची परीक्षा करताना आम्ल आणि अल्कली कळतात. हाताने काम करणे हा बुद्धीला दिलेला विसावा नसून तिचा व्यायाम आहे, हे पाबळने दाखवून दिले. तेथे येणारी साधनेही जुनाट राहिली नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये संगणकाच्या आज्ञेने वस्तू घडवणारी छोटी प्रयोगशाळा उभी राहिली, ती पाबळसारख्या खेड्यात.

ह्या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीरपणे ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा, की प्रदेशाला लागणारे मनुष्यबळ घडवायचे म्हणजे शेजारच्या कारखानदाराला आयते हात पुरवायचे. शाळा ही काही नोकरभरतीची कचेरी नव्हे. आक्षेप खरा आहे आणि त्याचा दाखला मुंबईच्या गिरणगावात सापडतो. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कापडगिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. सांचा चालवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचे कसब एका फटक्यात निरुपयोगी ठरले. एकाच यंत्राला जुंपलेले कौशल्य त्या यंत्राबरोबरच मरते. म्हणून शाळेत द्यायचे ते एका कारखान्याच्या एका जागेचे शिक्षण नव्हे. मोजमाप, आरेखन, वीज, धातू, माती, हिशेब ह्यांची अशी रुंद ओळख, की तिच्या बळावर मुलगा रांजणगावात काम करील, शेतीला नवे वळण देईल किंवा परमुलखात जाऊन आणखी शिकेल. प्रदेश हे शिक्षणाचे पहिले पाठ्यपुस्तक व्हावे, शेवटचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. ज्या समाजात बापाचा धंदाच मुलाच्या कपाळी लिहिला जात असे, तेथे शाळेतून पुन्हा हातकाम शिकवणे म्हणजे जातींच्या जुन्या चौकटीला नवी रंगरंगोटी करणे, अशी शंका बहुजन समाजातील पालकांना येते. ती अनाठायी म्हणता येणार नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे आणि आरोग्याचे व्यावहारिक ज्ञान असावे असे सांगितले होते, पण ते लेखन, वाचन व हिशेबाच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. आज धोका असा, की तंत्रकामाची ओळख जिल्हा परिषदेच्या शाळेत दिली जाईल आणि शहरातील इंग्रजी शाळेचा मुलगा स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीला जाईल. तसे झाले, तर ते शिक्षण नव्हे, पंक्तिप्रपंच होईल. ह्यावर उपाय एकच : हा विषय सर्वांना, मुलींनाही, पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यालाही, सारखाच असला पाहिजे. डॉक्टरच्या मुलाने एकदा पान्हा हातात धरावा आणि गवंड्याच्या मुलीने एकदा दुर्बिणीच्या नियंत्रणकक्षात उभे राहावे. मग ज्याने-तिने निवड करावी. न पाहिलेल्यातून केलेली निवड ही निवड नसते.

करावयाचे काय, ह्याचे उत्तर फार खर्चाचे नाही. जवळजवळ प्रत्येक तालुक्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तिची कार्यशाळा आठवड्यातून एक दिवस पंचक्रोशीतील शाळांना खुली करता येईल. गावातील वेल्डर, वायरमन, पंप दुरुस्त करणारा ह्यांना रीतसर मानधन देऊन शाळेत बोलावता येईल. त्यांच्याकडे पदवी नाही ही अडचण कागदाची आहे, कामाची नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे आणि त्या उमेदवारांना विद्यावेतन मिळते, ही माहिती नववीच्या वर्गात सांगितली गेली पाहिजे. तसेच हेही सांगितले पाहिजे, की आयटीआय ही बंद गल्ली नाही. दहावीनंतर तेथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. ही शिडी आहे. पण ती आहे हेच पुष्कळ पालकांना आणि, सांगावयास संकोच वाटतो, पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसते.

म्हणून आरंभ शिक्षकांपासूनच व्हावा. मुलांना कारखाना दाखवण्याआधी त्यांच्या मास्तरांनी आणि बाईंनी तो पाहावा. एका सुटीत दोन दिवस एखाद्या कार्यशाळेत उभे राहून, प्रश्न विचारून, हात काळे करून यावे. त्यानंतर त्यांच्या तोंडून ‘कातारी’ हा शब्द निघेल, तो अपयशाचा समानार्थी शब्द म्हणून निघणार नाही. आपल्या मुलाने कचेरीतच बसावे असे वाटणाऱ्या कारकून बापानेही एकदा हिशेब मांडावा. टंकलेखकाचे काम संगणकाने गिळले, ते आपल्या डोळ्यांदेखत. बिघडलेला पंप मात्र अजून माणसालाच उघडावा लागतो.

खोडदच्या सहली व्हाव्यात, वाढाव्यात. फक्त पुढच्या वेळी तेथून परतल्यावर निबंधाचा विषय ‘मी पाहिलेली दुर्बीण’ एवढाच नसावा. ती दुर्बीण चालती ठेवणाऱ्या पाच कामांची नावे, ती करणाऱ्यांनी घेतलेले शिक्षण आणि त्यासाठी आपल्या गावापासून सर्वांत जवळची संस्था कोठे आहे, एवढे प्रत्येक मुलाने वहीत लिहून आणावे. एखादे पोर घरी जाऊन बापाला म्हणेल, की मला हे काम शिकायचे आहे. त्या वेळी बापाने ‘तुला मार्क कमी पडले का?’ असे विचारू नये, इतके जरी आपण साधले, तरी पुष्कळ झाले.