भिलाईची मुले कुठली?

भिलाईच्या सेक्टरमध्ये वाढलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मराठी मुलाला ‘तू कुठला?’ असे विचारले, तर तो भिलाईचे नाव सांगतो. ‘तसे नव्हे, मूळचा कुठला?’ म्हटल्यावर आजोबांचे गाव सांगतो, पण पाठ केलेल्या उत्तरासारखे. घरी मराठी, शेजारच्या तेलुगू वा मल्याळी मित्राशी हिंदी, वर्गात इंग्रजी, असा त्याचा दिवस जातो. एवढ्यावरून आपली सुशिक्षित मंडळी ‘ही पिढी मुळापासून तुटली’ असा निर्वाळा देऊन मोकळी होतात. तो आम्हाला मान्य नाही.

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून हा पोलाद कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे एका पाळीत कामाला लागली, तेव्हा त्यांना समाईक बोली हवीच होती. सेक्टरमधली हिंदी लिंगवचनाच्या बाबतीत बेफिकीर आहे खरी (अनुवादकाच्या कानाला ती खटकते), पण ती सहजीवनाची कमाई आहे. तिच्यात वाढलेल्या मुलाचे गाव भिलाईच.

उणीव आहे ती वेगळीच. ज्या खेड्यांच्या जमिनीवर हे शहर वसले, त्यांची छत्तीसगढी या मुलांना बोलता येत नाही. भाजीवाली, मोलकरीण, कंत्राटी मजूर यांच्या तोंडून ती रोज कानावर पडते. उत्तर मात्र हिंदीतच जाते. 2007 साली छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी 2011 च्या जनगणनेने तिचे सुमारे 1 कोटी 62 लाख भाषक हिंदीच्याच रकान्यात घातले. मुलांनी तरी तिला भाषा का मानावे?

कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यामधली भिंत अशी भाषेनेही उंचावते. ती ओलांडता येते. शंकर गुहा नियोगी बंगाली. भिलाईच्या कारखान्यातच काम केलेले. त्यांनी छत्तीसगढी आत्मसात केली आणि 1977 साली दल्ली-राजहराच्या कंत्राटी खाणकामगारांना संघटित केले. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईतच त्यांची हत्या झाली. त्यांच्या सर्व मतांशी सहमत होण्याचे कारण नाही. पण ‘हमर’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यांनी कमावला होता.

आपल्या मराठी मंडळांनी मुलांसाठी मराठीचे वर्ग जरूर चालवावेत. त्याच खोलीत आठवड्यातून एक तास छत्तीसगढीला द्यावा, आणि शिकवायला एखाद्या कंत्राटी कामगाराच्या शिकलेल्या मुलीला मानधन देऊन बोलवावे.