भाड्याचा करार १९३६ चा, वसुली २०१४ ची

एप्रिल २०१४ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातल्या बंदरात 'बाओस्टील इमोशन' हे जपानी मालवाहू जहाज कोर्टाच्या हुकुमाने जप्त झालं. मालक मित्सुई ओएसके लाइन्स. त्यांच्यावरची उधारी मात्र ७८ वर्षांपूर्वीची होती.

शांघायचे जहाजमालक चेन शुनतोंग यांनी १९३६ मध्ये आपली दोन जहाजं जपानच्या दायदो कंपनीला भाड्याने दिली. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं आणि ती जपानी नौदलाच्या ताब्यात गेली. एक १९३८ मध्ये बुडालं, दुसरं १९४४ मध्ये. चेन १९४९ मध्ये वारले, दावा मुलाकडे आला. टोकियोच्या कोर्टाने १९७४ मध्ये मुदत संपल्याचं सांगून तो फेटाळला. मग १९८८ मध्ये घरच्यांनी शांघायच्या कोर्टाचं दार ठोठावलं. तिथेही निकालाला १९ वर्षं लागली! डिसेंबर २००७ मध्ये २.९२ अब्ज येन भरपाईचा आदेश झाला. दायदो तोवर विलीनीकरणातून मित्सुईत मुरली होती, म्हणून देणंही तिच्याच गळ्यात पडलं.

खरी मेख इथे आहे. १९७२ च्या संयुक्त निवेदनात चीनने जपानकडून युद्धभरपाई घेण्याचा हक्क सोडला होता. त्याच आधारावर जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सक्तीने राबवलेल्या चिनी मजुरांना दाद नाकारली. जहाजवाले निसटले, कारण त्यांच्या हातात कागद होता. चीनच्या परराष्ट्र खात्यानेही हा साधा व्यापारी कराराचा वाद असल्याचं सांगितलं. कोकणात ज्यांचे बाप-आजोबा बोटीवर होते, त्यांना अॅग्रीमेंटच्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण प्रकरण इतकं साधंही नव्हतं. वरच्या कोर्टांनी २०१० मध्येच निकाल कायम केला होता. जप्ती आली दोन्ही देशांचे संबंध पार बिघडले तेव्हा. जपानचे मुख्य कॅबिनेट सचिव योशिहिदे सुगा यांनी १९७२ च्या समझोत्याचा पायाच हलेल, असा इशारा दिला. दावा खरा होता असं आम्हाला वाटतं, पण वसुलीची वेळ राजकारणाने ठरवली ही शंका काही जात नाही.

मित्सुईने सुमारे ४ अब्ज येन भरले आणि काही दिवसांत जहाज सुटलं. त्याच्या महिनाभर आधी बीजिंगच्या कोर्टाने मजुरांचा दावा दाखल करून घेतला होता. त्यांच्यापाशी भाडेकरार नव्हता. मित्सुबिशी मटेरियल्सने २०१६ मध्ये समझोता केला, तेव्हा माणशी १ लाख युआन ठरले.