कुणाच्या भरवशावर सोडायचं हे पोर?

पोराला ताप आला तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, हे आमच्या पिरनवाडीतली कुठलीही बाई झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण वयात येणारा मुलगा म्हणाला, "आई, मी आतून मुलगी आहे," किंवा पोरगी म्हणाली, "मला मुलगी म्हणू नका," तर जायचं कुठं? इथं सगळ्यांची वाचा बसते. आणि वाचा बसलेल्या घरात सल्लागारांची रांग लागते. एक म्हणते, लग्न लावून टाका, निवळेल. दुसरी म्हणते, बाहेरचं असेल, बघणाऱ्याकडे न्या. तिसरा 'खात्रीशीर इलाज' करणाऱ्याचा पत्ता देतो. चौथा आवाज खाली आणून सांगतो, देवीनं धरलंय, सौंदत्तीला सोडा.

माझं म्हणणं सरळ आहे. पोराला बदलून देतो म्हणणारा माणूस, मग तो कितीही शिकलेला असो की कितीही पूज्य असो, भरवशाचा नाही.

चौथ्या सल्ल्याचं आधी बघू, कारण तो आपल्या मातीतला आहे. सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात. बायकी वळणाच्या मुलाला यल्लम्माच्या नावानं लुगडं नेसवून जोगता करायचं, ही चाल या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गडहिंग्लजकडच्या राजन गवसांनी 'भंडारभोग' कादंबरीत जोगत्याचं हे जगणं मांडलं. २००९ साली आलेला 'जोगवा' सिनेमा बघून आपण पदरानं डोळे पुसले. बळ्ळारी भागातल्या मंजम्मा जोगती यांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. घरच्यांनी देवीची दीक्षा दिली आणि त्यानंतर घर तुटलं. त्यांनी विष घेतलं, वाचल्या, भीक मागितली, मग जोगती नृत्य शिकून नाव काढलं. २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हातून पद्मश्री घेतली. टाळ्या वाजवायला आपण पुढे होतो. पण तेवढ्यावरून 'आपल्या परंपरेत सगळं ठीक होतं' म्हणणं हा सोयीचा हिशेब झाला. परंपरेनं त्यांना जागा दिली खरी, पण किंमत म्हणून घर घेतलं.

"आपल्या जैन समाजात असलं काही नाही," असं ज्या म्हणतात त्यांना विचारते, आपण पोराला डोंगरावर सोडत नसू, पण लग्नाच्या मांडवात सोडतोच ना? वधू-वर मेळाव्यात नाव घालायचं, शिक्षण आणि पगार सांगायचा, आणि दुसऱ्याची लेक आणून तिचंही आयुष्य नासवायचं. याला लपवाछपवी म्हणतात, आणि सत्य हे आपल्याकडं व्रत आहे.

शास्त्राचा आधार घेऊन बोलणाऱ्यांनी शास्त्र नीट वाचावं. स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद हे शब्द आपल्या प्रवचनात येतात. शरीराचा तो द्रव्यवेद आणि मनाचा तो भाववेद, हा भेदही आपलाच. हजार वर्षांपूर्वी नेमिचंद्र आचार्यांनी 'गोम्मटसारा'त म्हटलंय, की हे दोन्ही बहुधा जुळतात आणि कधीकधी जुळत नाहीत. ती चर्चा कर्माची आहे, त्यात आजच्या पालकांसाठी तयार उत्तर आहे असं मी म्हणत नाही. पण "हे मोबाइलनं शिकवलं" एवढं तरी आता म्हणू नका. पाणी गाळून पिणाऱ्या घरात पोराला कोंडून घालणं, त्याचे केस जबरदस्तीनं कापणं, ही कुठली अहिंसा?

आता 'खात्रीशीर इलाज'वाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत ही गोष्ट मानसिक आजारांतून काढलेली आहे. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे दोन मुलींचा खटला आला. विषय आपल्याला पुरता कळत नाही म्हणून ते स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे जाऊन बसले, आणि मग निकालात त्यांनी असल्या 'बदलून देणाऱ्या' उपचारांना मनाई केली. न्यायाधीशाला शिकायची लाज वाटली नाही, आपल्याला का वाटावी? पुढं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असले उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. म्हणजे बदलण्याची हमी देणारा डॉक्टर आपल्याच पेशाचा नियम मोडतो. त्याला फी देऊ नका.

मग भरवशाचा कोण? जो पोराशी एकट्यानं बोलतो आणि ते बोलणं चारचौघांत नेत नाही. जो आपली पदवी आणि फी आधी सांगतो. जो घाई करत नाही, लग्नाची नाही, गोळ्यांची नाही आणि ऑपरेशनचीही नाही. दुकानातून आपल्या मनानं हार्मोनच्या गोळ्या आणायला सांगणारा मित्रही तितकाच धोक्याचा. आणि जो पोराला घरापासून तोडत नाही. २०१९ साली झालेल्या कायद्यातही होतं, की केवळ या कारणावरून अल्पवयीन मुलाला आईवडिलांपासून वेगळं करता येत नाही, कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय.

फोन करायचा तर सरकारचा टेली-मानस आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. मुलाला मारहाण होत असेल तर १०९८. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला. त्यांचं 'मनाचिये गुंती' हे पुस्तक अशा मुलांच्या घरच्यांच्या बोलण्याचं आहे, आईनं जरूर वाचावं. मुंबईत 'स्वीकार' हा आईबापांचाच गट आहे, बंगळूरला 'संगमा' संस्था आहे. पण पुणं साडेतीनशे किलोमीटर, बंगळूर पाचशे. आपण मध्येच लोंबकळतोय, कागद कन्नडमध्ये आणि रडणं मराठीत. म्हणून गावातच कुणीतरी लागतं.

ते कुणीतरी म्हणजे आपलं महिला मंडळ. पाककृतीच्या स्पर्धा होतात, सहली निघतात, एक दुपार बेळगावच्या चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाला बोलवायला काय हरकत आहे? एखादी आई हे सांगायला आली, तर तिचं ऐकून घेऊन ते आपल्या पोटात ठेवणाऱ्या दोघी-तिघी तरी प्रत्येक मंडळात असायला हव्यात.

"अहो, वय वेडं असतं, निवळेल." निवळेलही. मग तर मारायची, हाकलायची गरजच नाही. निवळलं तरी पोर घरात आहे, नाही निवळलं तरी घरात आहे. पण ते निवळायची वाट न बघता जिनं पोर बाहेर काढलं, तिच्या हातात काय उरलं, ते तिनंच सांगावं.