स्टेटस ठेवून कुणी मुक्त होत नसतं

सतरा सप्टेंबरला सकाळी सात वाजायच्या आत आमच्या ग्रुपवर पहिला तिरंगा येतो. मग सरदार पटेलांचा फोटो, मग स्वामी रामानंद तीर्थांचा, मग पाठीमागे ढोल वाजणारा तीस सेकंदांचा व्हिडिओ. दुपारपर्यंत सगळ्यांचे स्टेटस बदललेले असतात. अठरा तारखेला परत तेच: कुणाचा वाढदिवस, कुणाची सेकंडहँड बाइक विकायचीय, कुणाला हिंजवडीत रूम पाहिजे.

मी केदारखेड्याचा. तालुका भोकरदन, जिल्हा जालना, पूर्णेच्या काठचं गाव. नऊ वर्षं झाली, पुण्यात आहे. या ग्रुपमधला मीही एक आणि स्टेटस मीही ठेवलेत. म्हणून पुढे जे लिहितोय त्यातला अर्धा मार माझ्याच पाठीवर आहे.

आपल्याला मुक्तिसंग्राम शिकवला जातो तो चार दिवसांचा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, संपलं. रणगाडे आले म्हणून आपण सुटलो, असं एकदा डोक्यात बसलं की आपलं काम उरतं ते दरवर्षी रणगाड्यांना सलाम ठोकायचं. पण रणगाड्यांच्या आधी दहा वर्षं काय चाललं होतं? आणि ते कुणी चालवलं होतं?

बऱ्याच अंशी गाव सोडून गेलेल्यांनी.

संस्थानात सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान ५३’ नावाचं फर्मान आडवं यायचं, परवानगीशिवाय तोंड उघडायची सोय नव्हती. आपल्याच जिल्ह्यातल्या परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, तेही जपून पावलं टाकत. पुढच्या वर्षी स्टेट काँग्रेसची नुसती घोषणा व्हायची होती, तर स्थापनेआधीच तिच्यावर बंदी आली. वर्तमानपत्र काढायचं तर कुठून काढणार? आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३७ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते पुण्यातून. निजामानं त्यावर बंदी घातली की नाव बदलायचं आणि तोच मजकूर दुसऱ्या नावानं पुन्हा आत पाठवायचा. आपल्या प्रदेशाचं नाव मिरवणारं पत्र आपल्या प्रदेशाबाहेर जन्माला आलं. आज आपण ज्या शहरात वीकेंडला मिसळ खात फिरतो, त्याच शहरात.

त्याच १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठानं शेकडो पोरं काढून टाकली. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच लोण होतं. ही पोरं घरी जाऊन बसली नाहीत. नागपूर विद्यापीठानं दार उघडलं आणि ती तिकडं शिकायला गेली. वयानं ती आपल्याएवढीच होती, काही आपल्याहून लहान. त्यांच्याकडेही परीक्षा होती, करिअर होतं, काळजीनं अर्धी झालेली आई होती.

मग १९४७ उजाडलं. देश स्वतंत्र झाला आणि मराठवाडा निजामाकडेच राहिला. रझाकारांचा जाच वाढला तशी माणसं सीमा ओलांडून पलीकडे गेली. आपल्याकडून जाफराबाद ओलांडलं की पुढे वऱ्हाड लागतं, ते तेव्हा स्वतंत्र भारतात होतं. उमरखेड, मनमाड, बार्शीचा परिसर असे सीमेलगत कॅम्प उभे राहिले. तिथून करोडगिरीची नाकी जाळली गेली, शिंदीची झाडं तोडली गेली, कारण दारूच्या कराचा पैसा निजामाच्या तिजोरीत जायचा. आता जरा हिशेब करा. कॅम्प म्हणजे रोज दोन वेळचं जेवण. ते धान्य कुणीतरी द्यायचं, कुणीतरी दळायचं, कुणीतरी भाकरी थापायच्या. निरोप्याला रात्रीचा आसरा लागायचा. आतून पळून आलेल्या बायापोरांना छप्पर लागायचं. या कामांचे पुतळे होत नाहीत. पण ही कामं झाली नसती तर पुतळे ज्यांचे आहेत त्यांनाही काही करता आलं नसतं.

हे आपलंच वैशिष्ट्य आहे असंही नाही. गोव्याचं बघा. जून १९४६ मध्ये लोहिया असोळण्याला ज्यांच्या घरी उतरले होते ते डॉ. ज्युलियांव मिनेझिस मुंबईत राहून गोव्यासाठी धडपडणारे होते. सगळ्यात मोठा दाखला आयर्लंडचा. दुष्काळानं आणि गरिबीनं देशोधडीला लागलेली आयरिश माणसं अमेरिकेत हमाल झाली, मोलकरणी झाल्या, पोलिस झाले. १९१९ मध्ये डी व्हॅलेरा अमेरिकेत गेला आणि त्यानं आयरिश प्रजासत्ताकाचे रोखे विकायला काढले. रोखा दहा डॉलरपासून होता, म्हणजे मोलकरणीलाही परवडणारा. लाखो लोकांनी ते घेतले आणि पन्नास लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमली. गावोगावी शाखा, शाखेला चिटणीस, दारोदार फिरणारे स्वयंसेवक, अशी ती यंत्रणा होती. १९२० साली न्यूयॉर्कला हिंदी क्रांतिकारकांच्या मेजवानीत डी व्हॅलेरानं भाषण केलं आणि हिंदुस्थान-आयर्लंडचं दुखणं एकच आहे हे सांगितलं.

पण आयरिशांची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती कुणी फॉरवर्ड करत नाही. अमेरिकेतले जुने पुढारी आणि डी व्हॅलेरा यांच्यात जोरात भांडण जुंपलं: पैसा कुणाच्या हातात, निर्णय कुणाचा? बाहेरच्यांना वाटायचं, पैसे आम्ही देतो तर धोरण आम्ही ठरवू. पुढे देशात यादवी झाली आणि न्यूयॉर्कच्या बँकांतली रक्कम वादात अडकली. १९२७ मध्ये कोर्टानं सांगितलं, ज्यांचे पैसे त्यांना परत करा. दूरच्या माणसाच्या प्रेमाला हिशेब आणि लगाम नसेल तर असं होतं.

आपल्याकडे याहून वाईट झालं, तेही बोललं पाहिजे. पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. त्या अहवालात सीमेपलीकडून आलेल्या सशस्त्र माणसांचाही उल्लेख आहे. म्हणजे ज्या सीमेवरून भाकरी आली, त्याच सीमेवरून तलवारीही आल्या. आणि लक्षात ठेवा, याच लढ्यात ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत एका उर्दू संपादकाचा खून झाला होता. भारतात विलीन व्हा असं लिहिलं म्हणून. त्याचं नाव शोएबुल्ला खान, पत्राचं नाव ‘इमरोज’. सतरा सप्टेंबरच्या स्टेटसमध्ये त्याचा फोटो मी अजून पाहिला नाही. जो मुक्तिदिन शेजाऱ्याला दटावायला वापरला जातो, तो शोएबुल्लाचा नाही आणि स्वामीजींचाही नाही.

आता कुणी म्हणेल, तेव्हा निजाम होता, आज कोण आहे? बरोबर. आज मुक्त व्हायचं नाहीये, आपण भारतात आहोत आणि मतदार आहोत. स्वातंत्र्य आणि सिंचन एकाच तागडीत तोलता येत नाही, हे मलाही कळतं. पण बाहेर राहून गावासाठी काय करता येतं हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. तेव्हाच्यांनी त्याचं उत्तर कामानं दिलं. आपण इमोजीनं देतोय.

एकच उदाहरण घेतो. मराठवाड्यासाठी घटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये आलं. अनुशेष किती, निधी किती, हे मांडायची ती एक जागा होती. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर काय होतं ते मी मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. लॉकडाऊन होतं. डालगोना कॉफीचे फोटो होते, एक पत्त्यांचा जोक होता. मंडळाबद्दल एक ओळ नव्हती. माझीही नव्हती.

आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगायचंय. “तुम्ही गाव सोडलं, आता तुम्ही नका शिकवू,” हे वाक्य पारावर फार चालतं. बाबांनो, गाव सोडलेल्यांनी छापलेलं पत्र तुमच्या आज्यानं चोरून वाचलं होतं. गाव सोडणं म्हणजे गद्दारी नव्हे. मंदिराच्या कळसाला आणि डीजेला आमची वर्गणी चालते, मग शाळेच्या पटावर आमचा प्रश्न का चालत नाही? मात्र निर्णय गावाचाच राहील, हेही आम्ही मान्य केलं पाहिजे. पैसे पाठवले म्हणून पुण्यातून सरपंचकी करता येणार नाही. आयरिशांचा धडा तोच आहे.

तर करायचं काय? मोठं काही नाही. दहा जण जमा. विषय एकच धरा: शाळेतली शिक्षकांची रिकामी पदं, आरोग्य केंद्रातला नसलेला डॉक्टर किंवा नळाला किती दिवसांनी पाणी येतं. माहिती अधिकारात अर्ज टाका. वर्गणी काढली तर पावती द्या आणि हिशेब दर महिन्याला त्याच ग्रुपवर टाका. आणि ग्रामसभेला जा. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला लागतात आणि त्या बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास असतात. म्हणजे सुट्टीच्या दिवशी. जत्रेला रात्रीच्या गाडीनं जाता येतं, तसं ग्रामसभेलाही जाता येतं. मतदार यादीत नाव गावचंच ठेवलंय ना अजून? निवडणुकीला उमेदवारानं पाठवलेल्या गाडीत बसून जातोच की आपण.

येत्या २ ऑक्टोबरला मी केदारखेड्याला जाणार आहे. एकटा गेलो तर लोक हसतील, तिघं गेलो तर ऐकतील, दहा जण गेलो तर ग्रामसेवकाला इतिवृत्त नीट लिहावं लागेल. ग्रुपवर मेसेज टाकलाय. त्यावर आत्तापर्यंत एकोणीस अंगठे आलेत. ‘मी येतो’ असं लिहिणारे दोघं आहेत.

दोघं चालतील. आपण तिघं झालो.