गाय अनुदानावर मिळते, वासराचा हिशेब कोण ठेवतो?

आदिलाबाद : गाय दुसऱ्या राज्यातून आली. विकणाऱ्याने सांगितलं तेवढं दूध पहिले काही दिवस दिलंही असेल. पण गोठ्यातली जुनी गाय जवळ आली की ही दावं ताणते, गव्हाणीवरून मागे सरते, नवी पेंड हुंगून सोडून देते आणि धारेच्या वेळी पान्हा चोरते. बेला, जैनद, भीमपूरकडची गावं असोत की पैनगंगेपलीकडचं केळापूर-किनवट, दूधधंद्यात पडलेल्या कास्तकाराला हे नवीन नाही. दोष दलालाला दिला जातो, पाण्याला दिला जातो, नाहीतर नशिबाला.

यातली काही कारणं खरीही असतात. पण एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : ही गाय वासरू असताना कशी वाढली? आईजवळ, चार वासरांत, की एका खुंट्याला एकटी?

दोन राज्ये, एकच पद्धत

तेलंगणा सरकारने २०१८ मध्ये सहकारी डेअरीच्या दूध उत्पादकांसाठी दुधाळ जनावरांची योजना आणली. सर्वसाधारण लाभार्थ्याला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान होतं. जनावरं मुख्यतः राज्याबाहेरून आणायची होती. इकडे महाराष्ट्रात विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प पहिल्या टप्प्यात ११ जिल्ह्यांत चालला. त्यात आपल्या सीमेला लागून असलेले यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूर तिन्ही होते.

कापसावरच सगळं अवलंबून असलेल्या या पट्ट्यात रोजचा पैसा देणारा धंदा हवाच होता, त्यामुळे योजना वाईट म्हणता येत नाही. पण दोन्हीकडे मोजलं काय जातं? गाय, लिटर आणि अनुदान. गाईमागे आलेलं किंवा इथं जन्मलेलं वासरू या हिशेबात दुय्यम राहतं.

खरं तर तेच पुढचं भांडवल. संकरित कालवड व्यायला साधारण अडीच ते तीन वर्षं लागतात. तोवर नुसता खर्च. म्हणून घरात पहिली काटछाट होते ती वासराच्या दुधात आणि जागेत. नर असेल तर त्याचे हाल आणखी वाईट, आणि म्हशीच्या पारड्याचं तर विचारूच नका.

अभ्यास काय सांगतो

वासरं एकटी वाढवली तर पुढे काय होतं, हा प्रश्न संशोधकांनी फार आधी हाती घेतला. ब्रिटनमध्ये ब्रूम आणि लीव्हर यांनी १९७८ मध्ये गटात वाढलेल्या आणि एकट्या वाढलेल्या वासरांची तुलना प्रसिद्ध केली. नंतर एकत्र केल्यावर एकटी वाढलेली वासरं कळपातल्या चढाओढीत मागे पडत होती. ढुशी कधी द्यायची, कधी बाजूला व्हायचं, हे ती शिकलेलीच नव्हती.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये वेगळी चाचणी घेतली. वासरांना एका रंगाकडे गेलं की दूध मिळतं हे शिकवलं. हे दोन्ही प्रकारची वासरं शिकली. मग नियम उलटा केला. सोबतीने वाढलेली वासरं बदल लवकर पकडू लागली, एकट्या वाढलेल्यांना ते जड गेलं. नवी वस्तू पुन्हा पुन्हा समोर ठेवली तरी एकट्या वासरांना तिची सवय होत नव्हती. त्याच विद्यापीठातल्या आणखी एका अभ्यासात सोबतीने वाढलेली वासरं अनोळखी चारा खायला कमी बिचकली.

आता हे आपल्या गोठ्याला लावून बघा. नवं गाव, नवी भाषा, नवी पेंड, नव्या गाई. परराज्यातून आलेल्या गाईपुढे नियम एका दिवसात उलटतो. लहानपणी बदल पचवायला न शिकलेली गाय तिथेच अडते. अर्थात प्रत्येक बुजरी गाय एकटेपणामुळेच बुजरी होते, असं नाही. प्रवासाचा ताण, आजार, मारहाण, जात, सगळंच मोजावं लागतं. शिवाय हे प्रयोग थंड देशांतल्या मोठ्या गोठ्यांतल्या होल्स्टीन वासरांवर झालेले आहेत. तरीही कल स्पष्ट आहे. युरोपीय संघाने तर आठ आठवड्यांपुढे निरोगी वासराला एकट्या कप्प्यात ठेवायला कायद्यानेच मनाई केली आहे. त्याआधीही कप्प्याची भिंत अशी हवी की वासरांना एकमेकांना बघता आणि शिवता येईल.

आपली जुनी रीत

गंमत अशी, की युरोप आता जे कायद्याने करतो आहे ते आपल्या गावांत आपोआप होत होतं. सकाळी गावातली गुरं आखरावर जमायची, गायकी ती रानात न्यायचा. वासरं गावाजवळच एकत्र फिरायची, हुंदडायची. कोण वरचढ, कोण खालचा, हे तिथेच ठरून जायचं. लाल कंधारी असो की गावरान, धारेआधी वासरू सोडल्याशिवाय गाय पान्हा घालत नव्हती, त्यामुळे आईची जीभ वासराच्या अंगावर रोज दोनदा फिरायची.

सगळंच चांगलं होतं असं नाही. वासराला उरलंसुरलं दूध मिळायचं, आणि मेलं तर भुसा भरलेलं कातडं गाईपुढे ठेवायचं. पण वासरू एकटं नव्हतं. आता चराऊ जमीन आटली, गायकी मिळत नाही, आणि २०२२ मध्ये लम्पीच्या साथीने जनावरं वेगळी बांधायची सवय आणखी घट्ट केली. संकरित गाई आल्या तसं वासरू जन्मताच तोडून कोपऱ्यात बांधणंही आलं.

एकटं ठेवण्यामागेही कारण आहे

हगवण आणि न्यूमोनिया एका वासरापासून दुसऱ्याला लागतो. वासरं एकत्र असतील आणि दूध अपुरं असेल तर ती एकमेकांचे कान, बेंबी, सड चोखतात. म्हणून डॉक्टर वेगळं ठेवायला सांगतात, आणि आजारी वासराबाबत ते बरोबरच आहे. प्रश्न निरोगी वासराचा आहे. दहा-पंधरा वासरांची गर्दी नको, पण जवळपास एका वयाची दोन-तीन वासरं, कोरडी जागा आणि पोटभर दूध असेल तर धोका बराच आवाक्यात राहतो.

काय करता येईल

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजायचा, एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. दिवस उलटल्यावर त्यातली रोगप्रतिकारक शक्ती वासराच्या रक्तात जवळजवळ उतरत नाही. गाईला वासरू चाटू द्यायचं. आदिलाबादच्या डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा ओल्या फरशीऐवजी कुटाराचा बिछाना द्यायचा. एकच गाय असेल तर वासरू निदान दुसऱ्या जनावराला बघू, हुंगू शकेल असं बांधायचं. शेजारच्या घरची निरोगी वासरं दिवसातून काही वेळ एका कुंपणात सोडता येतात. आणि रोज अंगावरून हात फिरवायचा, म्हणजे पुढे धारेला बसणारा माणूस परका वाटत नाही.

सरकारी बाजूने काम थोडं मोठं आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून आता कालवडच होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास नेणाऱ्या रेतमात्रा सवलतीत मिळतात. म्हणजे कालवडी वाढणार. त्या वाढवायच्या कशा, याचा खर्च आणि प्रशिक्षण योजनेत दिसत नसेल तर निम्मं काम अर्धवटच राहतं. जनावर खरेदी करताना दुधाच्या जोडीला ते कुठे, कसं वाढलं हेही विचारलं गेलं पाहिजे. आणि लाभार्थ्याला गाय देताना वासराच्या पहिल्या तीन महिन्यांचा खुराक त्याच हिशेबात धरला, तर पुढची गाय विकत आणायची वेळ कमी येईल.

पोळ्याला बैल सजतो, वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. त्या पूजेत दोघं एकत्र असतात, गोठ्यात मात्र दुसऱ्या दिवशी वासराचा खुंटा पुन्हा वेगळा. आज वाचवलेलं शेरभर दूध आणि हातभर जागा तीन वर्षांनी लाथेच्या रूपाने परत येणार असेल, तर हा सौदा कास्तकाराला परवडतो का, याचा हिशेब पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकदा मांडायला हवा.