‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय बंद?

जळकोटच्या एका रेशन दुकानात परवा एका आजीबाईंनी चौथ्यांदा पॉस मशीनवर अंगठा टेकवला. चकती फिरत राहिली, थांबली. ‘‘सर्व्हर डाऊन हाय, आजी. उद्या या.’’ रिकामी पिशवी काखेत मारून त्या निघाल्या. खुरपणीचा रोज बुडाला तो बुडालाच.

बंद नेमकं काय होतं? सिमला रेंज नव्हती? झिजलेल्या रेषा मशीनला वाचता आल्या नाहीत? की खरंच सर्व्हर?

नेटवर्क थराथरानं रचलेलं असतं. खाली केबल किंवा टॉवर, त्यावर पत्ता पाहून पॅकेट (माहितीचा तुकडा) पुढे धाडणारा आयपी, त्यावर पॅकेट पोचलं का याचा हिशेब ठेवणारा टीसीपी आणि सगळ्यात वर दुकानदाराचं ॲप. दोष कुठल्या थरात आहे हे कळायचं, तर तो थर बाकीच्यांपासून सुटा करूनच तपासावा लागतो.

गूगलच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये ‘पॅकेटड्रिल’ हे साधन खुलं केलं. ते टीसीपीच्या खालचा खरा रस्ता काढून तिथे खोटा बसवतं. टीसीपी बिचारा जोडणी मागणारं पॅकेट धाडतो. पोच द्यायची की नाही, हे मात्र चाचणी लिहिणाऱ्याच्या हातात. तो मुद्दाम गप्प बसतो आणि पाहतो: एका सेकंदानं पुन्हा मागणी आली का? मग दोन सेकंदांनी? मग चार? २०११ च्या ‘आरएफसी ६२९८’ या नियमपत्रात थांबायची मुदत अशीच दुप्पट होत जाते. इथं चूक निघाली तर ती टीसीपीचीच. रेंजवर ढकलायची सोय नाही.

लिनक्समधलं ‘नेटेम’ तर एका आज्ञेसरशी दहातलं एक पॅकेट गहाळ करतं, हवा तेवढा उशीर घालतं. म्हणजे जळकोटची रेंज पुण्यातल्या टेबलावर आणता येते. गावासाठी सॉफ्टवेअर घेताना ही चाचणी निविदेतच अट म्हणून हवी, आणि मशीननं ‘रेंज नाही’, ‘अंगठा जुळला नाही’, ‘सर्व्हरचं उत्तर नाही’ असं वेगवेगळं सांगायला हवं. रेंज नसेल तर दुकानदार मशीन घेऊन दारात उभा राहील. अंगठा जुळत नसेल तर दुसरं बोट आहे.

आजीबाईंच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण होता. चारही वेळा तोच अंगठा लावला.