पदवीनंतरच्या वाटा आणि मराठी विभागांची जबाबदारी

सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील गाव. येथील विद्यार्थ्याच्या कानावर घरी मावची किंवा भिली पडते, बाजारात अहिराणी व गुजराती, आणि शाळा-महाविद्यालयात प्रमाण मराठी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल हाती आला की, या विद्यार्थ्यासमोर 'पुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे ठरीव उत्तर गेली कित्येक वर्षे एकच आहे : एम.ए. करावे, मग बी.एड. करावे किंवा नेट-सेट द्यावी आणि जागा निघण्याची वाट पाहावी. हे उत्तर अपुरे आहे. त्याच्या अपुरेपणाचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही. तो मराठीच्या अध्यापनव्यवस्थेकडे जातो.

अंतराचा प्रश्न येथे गौण नाही. 1990 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगाव येथे स्थापन झाले, तेव्हा पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या खानदेशाला आपले विद्यापीठ मिळाले. 2018 साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. 1998 साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रशासन व विद्यापीठ दोन्ही जवळ आली, हे खरे. तरीही विसरवाडीहून जळगाव दीडशे किलोमीटरांहून दूरच राहिले. सुरत त्याहून जवळ. मजुरीसाठी जवळची ती वाट पिढ्यान्पिढ्या परिचयाची आहे, शिक्षणासाठी लांबची वाट मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला नव्याने शोधावी लागते. घरातील पहिलाच पदवीधर असलेल्या विद्यार्थ्याला ती दाखविणारे माणूस घरात नसते. शिक्षक हेच त्याचे एकमेव माहितीस्थान असते, आणि शिक्षकाला जी वाट स्वतः चालून माहीत असते तीच तो सांगतो.

ही वाट आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. बी.एड.चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा 2013 पासून आणि अभियोग्यता चाचणी 2017 पासून आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी संपुष्टात आणली, एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधील ती पायरी ज्यांना श्वास घेण्यापुरती उसंत देत होती, त्यांना आता थेट चढण चढावी लागते. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही ग्राह्य धरण्याची तरतूद झाली. म्हणजे जी परीक्षा पूर्वी अधिव्याख्यातापदाची अट म्हणून दूर कोठे तरी दिसत असे, ती आता संशोधनाच्या दारातच उभी आहे. एम.ए.च्या अखेरच्या सत्रात तिचे नाव प्रथम ऐकणारा विद्यार्थी स्पर्धेत उतरण्यापूर्वीच मागे पडलेला असतो.

वाटा नाहीत असे मात्र नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे पदव्युत्तर अध्ययन होते. म्हैसूर येथे 1969 साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थान ही संस्था आहे. अमरावती येथील भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे आणि त्याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. ज्याला गाव सोडता येत नाही, त्याला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम घेता येतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय आहे. अनुसूचित जमातींतील संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. ही यादी कोणाही अध्यापकाला अर्ध्या तासात करता येईल. ती विद्यार्थ्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, कारण ती पोहोचविणे हे कोणाचेही नेमून दिलेले काम नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. मराठी विभाग म्हणजे सेवायोजन कार्यालय नव्हे. साहित्याचा अभ्यास हा रसिकतेच्या व विचाराच्या संवर्धनासाठी असतो, त्याला उपजीविकेच्या दावणीला बांधू नये, असा तो आक्षेप. त्यातील तत्त्व मान्य करण्याजोगे आहे. पण त्याचा लाभ कोणाला होतो हेही पाहिले पाहिजे. ज्याच्या घरी दोन वर्षांची निश्चिंती आहे, त्याला निरपेक्ष साहित्यप्रेम परवडते. ज्याच्या वडिलांची शेती पावसावर आणि ऊसतोडीच्या हंगामावर अवलंबून आहे, तो विद्यार्थी वाट दिसली नाही तर विषयच सोडतो. त्यात केवळ त्याचे नुकसान होत नाही. मराठीच्या अभ्यासाचेही होते.

हे दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या 1907 सालच्या भिल्ल भाषांवरील खंडात मावचीची नोंद आहे. शतकानंतर, 2010 साली, गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण सुरू झाले. या दोन टप्प्यांच्या दरम्यान खानदेशातील मराठी विभागांतून मावची बोलणारे असंख्य विद्यार्थी पदव्या घेऊन बाहेर पडले. त्यांच्या भाषाज्ञानाला गुणपत्रिकेत कोठेही स्थान नव्हते. उलट, उच्चारातील बोलीचा स्पर्श हा दोष म्हणून त्यांना दाखवून देण्यात आला. वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी भिली व मराठी दोन्हींत लिहितो आणि 1987 सालच्या 'गोधड' या संग्रहाने मराठी कवितेत आपली जागा घेतो, तेव्हा विभाग त्याला अभ्यासक्रमात नेमतात; पण ज्या द्विभाषिकतेतून ती कविता येते, ती समोरच्या बाकावर बसलेली असताना तिच्याकडे लक्ष जात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून महाराष्ट्रात राबविलेल्या पदव्युत्तर रचनेत कार्यप्रशिक्षण अथवा क्षेत्रप्रकल्प आणि संशोधन प्रकल्प यांना स्थान आहे. या तरतुदी कागदोपत्री उरकता येतात. प्रमाणपत्र आणून जोडले की श्रेयांक मिळतात. त्याच तरतुदी मनावर घेतल्या तर विसरवाडीच्या आठवडे बाजारातील शब्दसंग्रह, शेतीची व वनस्पतींची नावे, लग्नगीतांचे ध्वनिमुद्रण व लिप्यंतर, जिल्हा परिषद शाळेतील पहिलीच्या मुलांसाठी मावची-मराठी वाचनसाहित्य, आरोग्य केंद्रातील सूचनांचे भाषांतर, अशी कामे विद्यार्थी करू शकतो. कोशकार्य, संपादन, भाषांतर व क्षेत्रीय भाषाविज्ञान यांचे पायाभूत प्रशिक्षण त्यातून मिळते, आणि पुढील प्रवेशाच्या मुलाखतीत दाखविण्याजोगे स्वतःचे काम त्याच्या हाती राहते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आदिवासी विद्यार्थ्याने आपल्या बोलीचाच अभ्यास करावा, ज्ञानेश्वरी किंवा समीक्षाशास्त्र इतरांनी पाहावे, अशी वाटणी होता कामा नये. ती आदराच्या वेषातील अडवणूकच ठरेल. भाषाज्ञान ही त्याची अधिकची पात्रता आहे, त्याची मर्यादा नव्हे.

तेव्हा मागणी मोठी नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक मराठी विभागात एका अध्यापकाकडे पुढील शिक्षणाच्या मार्गदर्शनाचे काम नेमून द्यावे, त्यासाठी त्याच्या कार्यभारात तासिका धराव्यात, आणि विभागातून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे कोठे गेले याची नोंदवही ठेवावी. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा उत्सव झाला. विसरवाडीच्या विद्यार्थ्यासाठी त्या दर्जाचा अर्थ या नोंदवहीत काय लिहिले जाते त्यावरून ठरेल. आज बहुतेक विभागांत ही वही उघडलेलीच नाही.